झाडाआडचा सिग्नल आणि रस्ते बांधणारा फ्रेनेल

दोन गच्च्यांवर दोन डिश लावल्या, समोरासमोर नेम धरला, मधे काही आडवं येत नाही हे डोळ्यांनी बघितलं, की वायरलेस लिंक झाली, असं मला बरेच दिवस वाटत होतं. हा समज एका पावसाळ्यात उतरला. तो कसा उतरला हे सांगताना मला एका माणसाचा जन्म सांगावा लागणार आहे. हा माणूस रेडिओलहरींचा शोध लागण्याच्या साठ वर्षं आधीच वारला होता. ऑगस्तँ फ्रेनेल त्याचं नाव. लिंकचं काम करणारे सगळे 'फ्रेनेल झोन' हा शब्द वापरतात, पण हा फ्रेनेल कोण, ते फारसं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

आधी माझी चूक सांगतो.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, बाजारपेठेपासून लांबच्या वाडीत. मोबाइलची रेंज अंगणात एका कोपऱ्यात येते, तीही मनात असेल तर. बाजारात मावशीकडे फायबर आलं आहे. तिथून घरापर्यंत सरळ रेषेत अंतर ३.२ किलोमीटर. बाबांना दम्याचा त्रास, मी नोकरीसाठी बाहेरगावी. घरात वायफाय असलं तर फोन लागेल, डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येईल, एवढाच हेतू होता. मार्च महिन्यात मी मावशीच्या गच्चीवर एक आणि आमच्या कौलांच्या वर जीआय पाइपवर एक अशा ५.८ गिगाहर्ट्झच्या दोन डिश लावल्या. मधल्या उतारावर साग, किंजळ आणि ऐनाची झाडं, आणि त्यांना लागून देवराई. साग तेव्हा उघडाबोडका होता. फांद्यांमधून मावशीची गच्ची स्वच्छ दिसत होती. सिग्नल उणे ६० डीबीएम आला. मी खूश होऊन परत गेलो.

जूनमध्ये सागाला पालवी फुटली. जुलैत सिग्नल उणे ८५ वर आला आणि लिंक तुटायला लागली. २५ डेसिबलचा फरक म्हणजे पोचणारी ताकद सुमारे तीनशे पटींनी कमी. एका रात्री बाबांना श्वास घेता येईना आणि आईला फोन लावता येईना. शेजारचा मुलगा भर पावसात मोटारसायकल घेऊन बाजारात गेला आणि डॉक्टरांना घेऊन आला. बाबा बरे झाले. पण मी लावलेली वस्तू जिच्यासाठी लावली होती, नेमकी त्याच रात्री बंद होती, हे काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. सुट्टी काढून गावी आलो, आणि नवीन काही विकत घेण्याआधी मुळापासून वाचायला बसलो. तिथे फ्रेनेल भेटला.

फांद्यांची परीक्षा घेणारा मुलगा

ऑगस्तँ-जाँ फ्रेनेलचा जन्म १० मे १७८८ रोजी फ्रान्समधल्या नॉर्मंडी प्रांतात, ब्रोग्ली या गावी झाला. वडील वास्तुकार. पुढच्याच वर्षी फ्रेंच राज्यक्रांती झाली, त्यामुळे बालपण धामधुमीत गेलं. मुलगा अंगाने किरकोळ, सारखा आजारी, आणि अभ्यासात मागे. आठ वर्षांचा झाला तरी त्याला धड वाचता येत नव्हतं. पाठांतराचा तर त्याला कंटाळाच.

पण नऊ वर्षांचा असताना त्याने एक उद्योग केला. मुलांच्या खेळातल्या फटाकनळ्या आणि धनुष्यं कुठल्या झाडाच्या फांदीची चांगली होतात, ओली फांदी बरी की वाळलेली, नळी किती लांब आणि किती रुंद असावी, हे त्याने एकेक करून तपासलं. खेळणी इतकी जोरकस झाली की मोठ्या माणसांना त्यांच्यावर बंदी घालावी लागली. वाचताना मला हसू आलं. ओल्या आणि वाळलेल्या लाकडातला फरक नऊ वर्षांच्या या पोराने मोजून बघितला होता. मी इंजिनिअर असून मार्चचा साग आणि जुलैचा साग एकच धरून चाललो होतो!

सोळाव्या वर्षी, १८०४ मध्ये, तो पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये दाखल झाला. तिथून रस्ते आणि पूल बांधणाऱ्या इंजिनिअरांच्या शाळेत गेला आणि मग सरकारी नोकरीत लागला. काम काय, तर लहान लहान गावांमध्ये रस्ते बांधायचे, मजुरांवर देखरेख करायची, हिशेब ठेवायचे. हे काम त्याला मनापासून आवडत नव्हतं, तरी त्याने ते नेटाने केलं. दक्षिणेकडच्या न्योंस या गावी त्याची नेमणूक असताना, स्पेन आणि इटलीला जोडणाऱ्या मोठ्या रस्त्याचं काम चालू होतं. दिवसा रस्ता आणि संध्याकाळी प्रकाशाचा विचार, असं त्याचं चालायचं.

मधाचा थेंब

त्या काळी प्रकाश म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा मारा, असं न्यूटनच्या परंपरेतले लोक मानत. पॅरिसमधल्या मोठ्या विद्वानांचं मतही बहुतेक हेच. प्रकाश ही लहर असावी, असं फ्रेनेलला वाटू लागलं. १८१४ मध्ये त्याने आपले विचार लिहून मामामार्फत पॅरिसला पाठवले. उपयोग काही झाला नाही.

मग १८१५ साल उजाडलं. नेपोलियन एल्बा बेटावरून परत आला. फ्रेनेल राजाच्या बाजूचा. तब्येत तोळामासा असूनही तो नेपोलियनला अडवायला निघालेल्या फौजेत स्वखुशीने गेला. नेपोलियनचं राज्य पुन्हा बसलं आणि फ्रेनेलची नोकरी गेली, वर पोलिसांची पाळत लागली. त्याला नॉर्मंडीतल्या मातियू या गावी आईच्या घरी जायची परवानगी मिळाली. जाता जाता पॅरिसमध्ये त्याची अरागो या तरुण शास्त्रज्ञाशी गाठ पडली. थॉमस यंग या इंग्रज माणसाने या विषयात काम केलं आहे ते वाच, असं अरागोने सुचवलं. अडचण एकच, फ्रेनेलला इंग्रजी येत नव्हतं.

मातियूमध्ये ना प्रयोगशाळा ना उपकरणं. प्रकाशाचा अगदी बारीक ठिपका हवा होता. चांगलं भिंग नव्हतं, तर त्याने तांब्याच्या पत्र्याला बारीक भोक पाडलं आणि त्यावर मधाचा थेंब ठेवला. मधाचा थेंब भिंगासारखा गोल, त्यातून ऊन एका बिंदूत गोळा झालं. लागणारे लोखंडी भाग गावातल्या कुलपं बनवणाऱ्याकडून करून घेतले. सावलीच्या कडेला दिसणाऱ्या उजेड-अंधाराच्या बारीक पट्ट्या मोजायचं साधनही त्याने घरीच तयार केलं.

एक बारीक तार प्रकाशात धरली की तिच्या सावलीच्या आतसुद्धा पट्टे दिसतात. फ्रेनेलने तारेच्या एका कडेला कागद चिकटवून त्या बाजूने येणारा प्रकाश अडवला. दुसरी बाजू तशीच उघडी, पण आतले पट्टे सगळे गायब! म्हणजे ते पट्टे दोन्ही बाजूंनी वळून आलेल्या प्रकाशाच्या मेळातून होत होते. हाच प्रयोग यंगने आधी केला होता हे त्याला मागाहून कळलं. त्याने ते मोकळेपणाने मान्य केलं आणि पुढचं गणित हाती घेतलं. ते गणित मात्र त्याच्या आधी कुणीच पुरं केलं नव्हतं.

माझ्या छपरावरच्या डिशचं कोडं त्या कागदाच्या तुकड्यात होतं. समोरचं दिसतंय ना, मग झालं, असं लहरीच्या बाबतीत नसतं. आजूबाजूला काय आहे, तेही पोचणाऱ्या लहरीत मिसळलेलं असतं.

रेषा नव्हे, तवसं

हे जरा नीट समजून घेऊ. आपण दोन डिशमध्ये एक सरळ रेषा कल्पतो. प्रत्यक्षात लहर पसरत येते. थोडा भाग सरळ येतो, थोडा जरा बाजूने वळसा घालून येतो. वळसा लहान असेल तर तो भाग थोडाच उशिरा पोचतो आणि सरळ आलेल्या लहरीला हातभार लावतो. वळशाने वाढलेलं अंतर अर्ध्या तरंगलांबीपर्यंत पोचलं की तिथून पुढच्या भागातून येणारी लहर उलट जोर लावू लागते, झोपाळा पुढे जाताना कुणी मागे ओढावा तशी.

हातभार लावणाऱ्या या पहिल्या भागाचा आकार दोन्ही टोकांना निमुळता आणि मधे फुगलेला असतो. आमच्याकडचं तवसं आठवा. हाच पहिला फ्रेनेल झोन.

तो किती जाड? सूत्र सोपं आहे. किलोमीटरमधलं अंतर घ्या, त्याला गिगाहर्ट्झमधल्या वारंवारितेच्या चौपटीने भागा, वर्गमूळ काढा आणि १७.३ ने गुणा. मधोमधची त्रिज्या मीटरमध्ये मिळते. माझ्या ३.२ किलोमीटरला ५.८ गिगाहर्ट्झवर ती ६.४ मीटर येते. २.४ गिगाहर्ट्झवर १० मीटर. गंमत बघा, मध्यावर ६.४ मीटर बाजूने जाऊन आलेली लहर सगळ्या ३.२ किलोमीटरमध्ये फक्त २.६ सेंटीमीटर जास्त चालते. ५.८ गिगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी तेवढीच आहे.

व्यवहारातला नियम असा, की या त्रिज्येचा निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. माझ्या बाबतीत रेषेच्या खाली सुमारे ३.९ मीटर. रेषा अडथळ्याच्या टोकाला नुसती चाटून गेली, तर समोरचं सगळं दिसत असूनही साधारण ६ डेसिबल जातात, म्हणजे ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. माझी रेषा सागाच्या शेंड्यांना चाटूनही जात नव्हती, ती सरळ शेंड्यांमधून जात होती. मार्चमध्ये ते शेंडे म्हणजे नुसत्या काड्या होत्या, म्हणून फसलो.

विरोधकांनी सिद्ध केलेलं गणित

नेपोलियन हरला, फ्रेनेलची नोकरी परत मिळाली, पण पुन्हा रस्त्यांवरच. रजा काढून, मिनतवारी करून तो प्रयोगासाठी वेळ मिळवत राहिला. १८१८ मध्ये पॅरिसला काम मिळालं तेव्हा जरा स्वस्थता आली.

फ्रेंच विज्ञान अकादमीने प्रकाशाच्या वळण्याविषयी, म्हणजे विवर्तनाविषयी, १८१९ च्या बक्षिसासाठी निबंध मागवले होते. परीक्षक होते लाप्लास, बियो, प्वासाँ, गे-ल्युसाक आणि अरागो. यांपैकी पहिले तिघे कणवादी. फ्रेनेलने १८१८ मध्ये आपला निबंध दिला. त्यात लहरीच्या आघाडीचा प्रत्येक बिंदू नवी लहर सोडतो असं धरून, त्या सगळ्यांची बेरीज कशी करायची याचं गणित होतं.

प्वासाँ मोठा गणिती. त्याने ते गणित पुढे नेलं आणि एक विचित्र निष्कर्ष काढला. हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या अगदी मध्यभागी उजेडाचा ठिपका पडायला हवा. सावलीच्या मधोमध उजेड, म्हणजे काहीतरीच, असा त्याचा रोख. त्यावर अरागोने वाद घातला नाही. त्याने २ मिलिमीटरची धातूची चकती काचेवर मेणाने चिकटवली आणि बघितलं. ठिपका होता! बक्षीस फ्रेनेलला मिळालं. त्या ठिपक्याला आजही प्वासाँचा ठिपका म्हणतात, म्हणजे ज्याने शंका घेतली त्याचंच नाव त्याला लागलं.

१८२१ मध्ये फ्रेनेल आणखी पुढे गेला. प्रकाशाची लहर आडवी हलते, दोरी हलवावी तशी, हे त्याने मांडलं. त्या वेळी ही कल्पना इतकी धाडसी होती की खुद्द अरागोने या बाबतीत त्याची साथ सोडली. आज आपण डिश उभी की आडवी लावायची, म्हणजे ध्रुवण कुठलं ठेवायचं, हे ठरवतो, ते लहर आडवी हलते म्हणूनच.

दीपगृह, म्हणजे लांब पल्ल्याची लिंक

१८१९ मध्ये अरागोने फ्रेनेलला दीपगृहांच्या समितीत ओढलं. तेव्हा दिव्यामागे धातूचे आरसे लावत, पण त्यात निम्म्याच्या आसपास प्रकाश वाया जायचा. आरशाऐवजी भिंग लावावं तर ते एवढं मोठं लागणार की काच फार जाड आणि जड होणार. फ्रेनेलने विचार केला, की प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागावर, मग मधली काच हवी कशाला? त्याने भिंगाचे गोल गोल कंगोरे केले आणि मधला गाळा काढून टाकला. असा विचार त्याच्याआधीही काहींनी मांडला होता. फ्रेनेलने तो गणितात नीट बसवला आणि सोलेय नावाच्या कारागिराकडून प्रत्यक्ष करून घेतला.

२० ऑगस्ट १८२२ रोजी त्याने पॅरिसमधल्या अर्धवट बांधलेल्या विजयकमानीवर आपला दिवा चढवला आणि समितीने तो ३२ किलोमीटरवरून बघितला. आपल्या भाषेत ही लिंकची चाचणीच. पुढच्या वर्षी, जुलै १८२३ मध्ये, जिरोंद नदीच्या मुखावरच्या कोर्दुआं दीपगृहावर त्याचं भिंग लागलं. नंतर ही भिंगं जगभर गेली, आपल्या देशातल्या दीपगृहांतही आली. किती खलाशी त्या उजेडाने घरी पोचले असतील, त्याची मोजदाद नाही.

त्याच वर्षी तो एकमताने अकादमीवर निवडला गेला. पण क्षयाने शरीर पोखरलं होतं. १८२४ नंतर त्याला संशोधन जवळजवळ सोडावं लागलं. उरलेली शक्ती त्याने दीपगृहांसाठी राखून ठेवली. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला रमफर्ड पदक दिलं, ते अरागोने त्याच्या अंथरुणापाशी नेऊन दिलं. काही दिवसांनी, १४ जुलै १८२७ रोजी, पॅरिसजवळच्या व्हिल-दाव्रे इथे तो गेला. वय ३९. दीपगृहांचं काम पुढे त्याचा भाऊ लेओनोरने चालवलं. हर्ट्झने रेडिओलहरी दाखवल्या त्या १८८७-८८ च्या सुमारास. फ्रेनेलचं गणित त्यांना जसंच्या तसं लागू पडलं, कारण प्रकाश आणि रेडिओ या एकाच जातीच्या लहरी.

दम लागणाऱ्या, खोकणाऱ्या त्या माणसाबद्दल वाचताना मला बाबांची ती रात्र आठवत राहिली.

मग मी काय केलं

पहिला सल्ला सगळ्यांनी दिला, की झाडं तोडा. साग आमच्याच भावकीचा होता, मालकांची आणि सरकारची परवानगी काढून तोडता आला असता. पण त्याच्यामागे देवराई, आणि तिथे कोयती लावायची नाही हा गावाचा नियम. शिवाय हिशेब केल्यावर कळलं, की नुसती दृष्टी मोकळी करून भागणार नव्हतं, तवशाएवढी रुंद वाट लागली असती.

दुसरा मार्ग झाडांतूनच नेटाने जाण्याचा. पानांतलं पाणी रेडिओची ताकद शोषतं, पानं आणि फांद्या लहर विखुरतात. वाइसबर्गरच्या नावाने ओळखलं जाणारं एक सूत्र आहे. त्यानुसार ३० मीटर दाट, पानं असलेली पण कोरडी झाडं ५.८ गिगाहर्ट्झवर साधारण १६ डेसिबल खातात, २.४ वर १२ ते १३, आणि ८६६ मेगाहर्ट्झवर ९ ते १०. कोकणातल्या जुलैची ओली पानं यापेक्षा जास्तच घेणार. खालची वारंवारिता झाडांतून बरी जाते, पण भारतात विनापरवाना मोकळा असलेला ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढचा पट्टा अगदी अरुंद आहे, त्यावर सेन्सर चालतील, व्हिडिओ नाही. ताकद वाढवायची तर त्यालाही सरकारी मर्यादा आहे.

तिसरा मार्ग वळसा घालण्याचा. वाडीच्या वर सडा आहे, तिथे पाण्याची टाकी. ग्रामपंचायतीची रीतसर परवानगी काढली, टाकीशेजारी पाइप उभा केला, त्यावर दोन डिश, एक सौर पॅनेल, एक बॅटरी आणि वीज पडण्याच्या भीतीने व्यवस्थित अर्थिंग. एका सरळ लिंकच्या जागी दोन झाल्या, २.१ आणि १.६ किलोमीटरच्या. मधोमधच्या त्रिज्या ५.२ आणि ४.५ मीटर. खाली काजू आणि आंबे आहेत, पण ते पुढच्या दहा वर्षांत वाढतील तेवढी जागा सोडून नेम धरला.

तुम्ही अशी लिंक लावणार असाल तर माझ्याकडून एवढं घ्या. नकाशावर अंतर मोजा, मधल्या उंच झाडाची उंची मोजा, सूत्रातून त्रिज्या काढा, तिच्या ६० टक्क्यांत झाडाची वाढ मिळवा, मगच पाइप किती उंच हवा ते ठरवा. आणि चाचणी उन्हाळ्यात घेऊ नका, निदान तिच्यावर विसंबू नका. श्रावणात, पाऊस चालू असताना सिग्नल बघा.

आमची नवी लिंक तीन पावसाळे चालली आहे. जुलैत सिग्नल मार्चपेक्षा दोन-तीन डेसिबलने हलतो, त्यापलीकडे नाही. बाबा रात्री झोपण्याआधी मला फोन करतात, विशेष काही बोलायचं नसतं. टाकीवरचा तो पाइप सड्यावर लांबून दिसतो. वाडीतली पोरं त्याला दीपगृह म्हणतात, आणि मी अजून कुणाची चूक दुरुस्त केलेली नाही.